शोमरोनी मनुष्याचे जनावर

(वाचनासाठी : लूक १०:२५-३७, निर्गम २३:४-५, मार्क २:१-१२)



यरुशलेमाहून यरीहोस उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंच्या हाती सापडलेल्या मनुष्याची गोष्ट आपल्या मंडळीतील लहान मुलांनाही ठाऊक आहे. याजक आला व दुसऱ्या बाजूने निघून गेला, लेवी आला व तसाच गेला, आणि ज्यांच्याशी यहूदी लोक व्यवहार ठेवीत नसत त्यांपैकी एक शोमरोनी मात्र थांबला, हे आपण किती तरी रविवारी ऐकले आहे. याजकास आपण दोष देतो, लेव्यासही देतो. परंतु त्या कथेत आणखी एक प्राणी आहे, आणि त्याजकडे उपदेशकांचे लक्ष क्वचितच जाते. तो म्हणजे त्या शोमरोनी मनुष्याचे जनावर. प्रभूने त्याचा उल्लेख उगाच केला असेल असे मला वाटत नाही. यास्तव आज आपण त्याच्याजवळ थोडा वेळ थांबू.

ते गाढव होते की खेचर होते, हे लूक सांगत नाही. एवढे मात्र सांगतो की ते त्याचे स्वतःचे होते. ती वाट सुमारे २७ किलोमीटरांची, ओसाड, दगडधोंड्यांची आणि एक हजार मीटर उताराची. अशा वाटेवर बसावयास जनावर असणे हे मोठेच सुख. त्या मनुष्याने जखमी प्रवाशास आपल्या जनावरावर बसविले, याचा अर्थ तो स्वतः खाली उतरला आणि उरलेली वाट पायी चालला. एका हातात कासरा, दुसऱ्या हाताने त्या अर्धमेल्याचा तोल सावरीत. दोन दीनार पुढे उतारशाळेत गेले, तेल व द्राक्षारस त्याआधी गेला. त्याबरोबर त्याची स्वतःची बसावयाची जागा गेली. आणि लुटारू अद्यापि त्याच डोंगरात असतील, पायी चालणाऱ्यास गाठणे सोपे, हे त्यास कळत नव्हते काय?

दुखण्याच्या वेळी शेजाऱ्याचे काम कोणते, ते येथे दिसते. उपाय जेथे आहे तेथपर्यंत दुखणाइताला पोहोचविणे, हे ते काम होय. शोमरोनी मनुष्य वैद्य नव्हता. त्याने जखमा बांधल्या खऱ्या, परंतु तेवढ्यावर समाधान मानून त्यास वाटेच्या कडेला सावलीत ठेवून तो पुढे गेला नाही.

आता आपल्या मुलखाकडे वळू. ज्या प्रदेशास आज नवी मुंबई म्हणतात, तो ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांचा मुलूख. सिडको या सरकारी कंपनीची स्थापना १७ मार्च १९७० रोजी झाली, आणि त्या गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या गेल्या. त्याआधी येथे आगरी, कोळी, कराडी लोकांची भातशेती, मिठागरे व मासेमारी चालत असे. ठाणे खाडीवर वाशीचा पूल १९७३ साली झाला. तोवर येथे खाडी ओलांडावयाची तर होडीचा आधार घ्यावा लागे. रात्री एखादी बाळंतीण अडली, किंवा पोराला फेफरे आले, तर आधी शेजाऱ्याचे दार वाजवावे लागे, कारण बैल एकाच्या दावणीला आणि गाडी दुसऱ्याच्या अंगणात. दिवाळे, सारसोळे, करावे, तुर्भे, घणसोली ही गावे आजही उंच इमारतींच्या मध्ये गावठाणे म्हणून उभी आहेत. बैल बहुतेक गेले; बैलाच्या जागी दुचाकी व रिक्षा आली. पनवेल व उरणच्या आतल्या पाड्यांवर, डोंगराच्या पायथ्याशी ठाकूर व कातकरी वाड्यांवर मात्र शेळ्या, कोंबड्या, एखादी म्हैस अजून दारी बांधलेली दिसते.

या मुलखातील जुन्या लोकांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, ती मी उपदेशकांच्या फार उपयोगाची समजतो. खाडीकाठची भातजमीन समुद्रसपाटीस लागून असते. भरतीचे पाणी आत येऊ नये म्हणून मातीचा लांब बांध घालीत. त्यास खारबंदिस्ती म्हणतात. पावसाचे पाणी ओहोटीस बाहेर जावे म्हणून त्यात झडप असे, तिला उघाडी म्हणत. हा बांध एकट्याचा नसे. ज्या ज्या खातेदाराचे शेत त्याच्या आड, त्या सर्वांनी मिळून तो राखावयाचा. आता असे समजा की एका ठिकाणी खेकड्यांनी भोके पाडली, तेथील शेतकऱ्याने आळस केला, आणि अमावास्येच्या उधाणाला तेथे खांड पडली. खारे पाणी काय त्या एकाच्याच शेतात शिरते? ते बांधाआडच्या सगळ्या शेतांत पसरते, आणि जमिनीतले मीठ धुवून निघेपर्यंत काही पावसाळे जावे लागतात. म्हणून उधाणाच्या रात्री हाक आली की आपसांत कोर्टात भांडणारे भाऊबंदही फावडी घेऊन एकाच खांडीवर उभे राहत. माती कोणाच्या शेतातली घ्यावयाची, हा वाद सकाळी.

आजाराचेही असेच आहे. आपण समजतो की घरातले दुखणे हे घरातलेच. क्षयाचा खोकला लपवावा, कारण मुलीचे लग्न ठरावयाचे आहे. कुत्रा चावला हे सांगू नये, कारण तो चुलत्याचा कुत्रा. गोठ्यातली गाय लाळ गाळते, पाय झाडते, हे शेजाऱ्यास सांगू नये, नाही तर उद्या दूध कोणी घेणार नाही. बांधाला खांड पडलेली पाहूनही अंधारात घोंगडी ओढून निजण्यासारखे हे आहे.

आपल्या आजोबांच्या काळी बुळकांडी नावाचा रोग येई, आणि दावणीच्या दावणी रिकाम्या होत. आजच्या तरुणांनी तो नावानेही ऐकलेला नाही, याचे कारण तो रोग आता पृथ्वीवरच राहिला नाही. २०११ साली जगातून त्याचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. देवी हा माणसांचा रोग १९८० साली असा नाहीसा झाल्याचे जाहीर झाले होते. जनावरांच्या रोगांत हा मान बुळकांडीलाच प्रथम मिळाला. लस टोचणारे गावोगाव, गोठोगोठी फिरले. एखाद्याने लस नको म्हणून आपली गुरे रानात हाकून दिली, तर रोगाला तेथे आसरा मिळे. गरिबाची एक गाय आणि पाटलाच्या वीस म्हशी, या कामी दोहोंचे मोल सारखे होते. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी घेतो, असे शलमोनाच्या नीतिसूत्रांच्या बाराव्या अध्यायात शिकविले आहे. विधवेच्या दारची शेळी ही तिची पेटीतली पुंजी असते; लेकराच्या औषधाला पैसे लागले की तीच विकली जाते. म्हणून जनावरांच्या डॉक्टरची गाडी गावात आली म्हणजे शेजारणीची शेळीही ओढून नेणे, ही लहान सेवा समजू नये.

कुत्र्याविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने होणारा रोग एकदा अंगात दिसू लागला, म्हणजे मनुष्य पाण्याला भिऊ लागला, की मग मृत्यू जवळजवळ ठरलेलाच. परंतु रोग दिसण्यापूर्वी, चावल्याबरोबर उपाय केला तर तो टळतो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी, मिरची, चुना, तेल यांतले काहीही लावू नये, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. जखम खोल असेल तर डॉक्टर जखमेत वेगळे औषधही टोचतात. पोर लहान असेल तर ते मारच्या भीतीने चावा लपविते, म्हणून शेजारणीने पाहिले असेल तर तिने आईला सांगावे. हे सांगणे चहाडी नव्हे.

पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून येणारा ताप हाही असाच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पूर ओसरल्यावर लेप्टोच्या तापाने पुष्कळ लोक आजारी पडले. उंदरांच्या व गुराढोरांच्या मूत्रातून हा रोग पाण्यात उतरतो आणि पायाच्या भेगांतून माणसाच्या अंगात शिरतो. चिखलात उभे राहून लावणी करणाऱ्या, गोठा झाडणाऱ्या बायांना हा धोका अधिक. पुराच्या पाण्यातून चालल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर दोन दिवस थांबून पाहू असे म्हणू नये.

आता सर्पदंश. येथे आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात दोन वाटा आहेत, आणि मी त्या झाकून ठेवणार नाही. एक वाट भगताच्या घरी जाते. प्रभूवर विश्वास ठेवल्यावर आपण ती सोडली असे म्हणतो. परंतु रात्री दोन वाजता मुलाच्या पायावर दोन दातांच्या खुणा दिसल्या, आणि म्हाताऱ्यांनी घाई केली, की पाय आपोआप तिकडे वळतात. भगत मंत्र घालतो, पहाट होते. साप बिनविषारी असला तर मूल जगते आणि भगताचे नाव होते. विषारी असला तर दैवाचे नाव होते. असे हे नाव वाटून घेणे किती पिढ्या चालले आहे!

दुसरी वाट दवाखान्याकडे जाते, आणि तिच्यावरही एक जनावर उभे आहे, हे थोड्यांना ठाऊक असेल. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार सापांच्या विषावरील औषध घोड्यांच्या रक्तापासून तयार होते. घोड्यास विष अगदी थोडे थोडे, त्यास सोसेल इतके टोचतात; त्याचे शरीर त्यावर उतारा तयार करते; मग त्याचे रक्त काढून त्यातला उतारा वेगळा करतात. परळच्या हाफकिन संस्थेने हे काम पुष्कळ वर्षे केले. त्या संस्थेस ज्याचे नाव दिले तो वाल्देमार हाफकिन हा ओडेसा शहरात जन्मलेला यहूदी. मुंबईत प्लेगने माणसे मरत होती, तेव्हा १८९७ च्या जानेवारीत त्याने आपली नवी लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. ना तो आपल्या गावचा, ना आपल्या भाषेचा, ना आपल्या धर्माचा. दंश झालेल्या मनुष्यास घोडा आजही आपल्या पाठीवर वाहून नेतो, एवढेच की आता तो बाटलीत असतो. परंतु त्या बाटलीपाशी पोहोचेपर्यंतची वाट शेजाऱ्यानेच चालावयाची आहे. दंशाची जागा कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. बांगड्या, अंगठी, पैंजण काढावे, पाय हलवू नये, दुखणाइताला चालवू नये, आणि १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी अथवा जे वाहन हाताशी असेल त्यात घालून निघावे.

आपल्याच रायगड जिल्ह्यातले उदाहरण पाहा. महाडच्या भागात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे व मुले मरत असत. डॉक्टर हिंमतराव बावस्कर यांनी तेथे राहून, एकेका दुखणाइताच्या उशाशी बसून हा रोग पाहिला, आणि रक्तदाब उतरविणारे प्राझोसिन नावाचे औषध यावर चालते हे दाखवून दिले. पूर्वी शंभरांतून चाळीसच्या आसपास रोगी दगावत, ते प्रमाण एकाच्या घरात आले. परंतु औषध कितीही चांगले असले तरी ते वेळेवर पोटात गेले पाहिजे. घाम सुटला, हातपाय गार पडले, तरी ‘उतरेल’ म्हणून बसून राहिलेल्या घराला ते औषध काय करील?

कोणी बंधू विचारील, मग प्रार्थनेचे काय? आमच्यापैकी काही जण म्हणतात की विश्वास असेल तर दवाखाना कशाला. यावर मी वाद घालीत नाही, मार्काचा दुसरा अध्याय उघडतो. पक्षाघाती मनुष्यास चौघांनी उचलून आणले. दारात गर्दी होती म्हणून ते छपरावर चढले, छप्पर उसकटले, आणि बाज खाली सोडली. तेथे प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला असे लिहिले आहे. त्या चौघांनी तोंडाने काही प्रार्थना केल्याचे मार्काने लिहिलेले नाही. बाजेचा भार खांद्यावर होता, दोरी तळहातात रुतत होती, प्रभूने जे पाहिले ते तेच. (त्या घरधन्याचे छप्पर मागून कोणी नीट करून दिले, हे जाणावयास मला फार आवडले असते.) प्रार्थना अवश्य करा, गाडीत बसून करा. रात्री गाडी मिळाली याबद्दल आभार माना. परंतु गुडघे टेकण्यासाठी गाडी थांबवू नका.

आता एक अवघड गोष्ट राहिली. गाडी कोणाची आणि दुखणाईत कोण?

आपल्यातील पुष्कळ घरांच्या आठवणी कडू आहेत. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी पाणवठा बंद झाला, दळण बंद झाले, मयताला खांदा द्यावयास कोणी आले नाही, अशा हकिकती अहमदनगर (आताचे अहिल्यानगर), जालना, बीड या जिल्ह्यांतून कामधंद्यासाठी इकडे आलेली कुटुंबे आपल्या मुलांना अजून सांगतात. त्या खोट्या नव्हेत. आता ज्या आळीने पाणी तोडले होते, त्याच आळीतल्या नातवाला रक्त पाहिजे असे समजा, आणि रक्ताचा गट जुळणारा तरुण आपल्या मंडळीत आहे. तो काय करील? निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात मोशेच्या नियमशास्त्राने या प्रश्नाचे उत्तर जनावराच्या रूपाने दिलेले आहे. शत्रूचा बैल किंवा गाढव भटकताना दिसले तर ते त्याच्या दारी नेऊन पोहोचवावे. द्वेष करणाऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर तसेच निघून जाऊ नये, त्यास उठविण्यास हात लावावा. शत्रूशी गोड बोल, अशी आज्ञा तेथे नाही. आधी गाढवाला उठव. ओझ्याखालच्या गाढवाला दोन बाजूंनी दोघांनी धरावे लागते, आणि दोघे वाकले की डोकी जवळ येतात. पुढचे काय ते मग होते.

याची दुसरी बाजू मला अधिक कठीण वाटते. वाटेवर पडलेला तो मनुष्य बहुधा यहूदी होता, आणि त्याने शोमरोन्याचा हात अंगाला लागू दिला. आपण लागू देतो काय? ज्या मुलखात जमिनीच्या मोबदल्यासाठी आणि साडेबारा टक्के भूखंडांसाठी भाऊ भावाशी बोलत नाहीसा झाला, जेथे १९८४ च्या जानेवारीत जासईच्या बाजूला जमिनीच्या न्यायासाठी शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेथे मनांत गाठी पुष्कळ आहेत. पलीकडचा शेजारी मंदिरात जाणारा, अलीकडच्या खोलीत परप्रांतातून आलेला भाडेकरू, वरच्या इमारतीतले लोक तर नावानेही ठाऊक नाहीत. घरात ताप आला की आपण दार लावून घेतो, आणि म्हणतो, त्यांच्याकडे कशाला हात पसरा. मदत न मागण्यात कित्येकदा नम्रतेपेक्षा अभिमानच अधिक असतो. ज्याने दुसऱ्याच्या जनावरावर कधी बसून पाहिले नाही, तो आपल्या जनावरावर दुसऱ्याला बसविताना त्यास लाजवितो.

शेजारीच शेजाऱ्याचा वैद्य होऊ शकतो काय, याचा मोठा प्रयोग आपल्याच प्रांतात झाला आहे. १९७० साली, म्हणजे ज्या वर्षी येथे सिडको आली त्याच वर्षी, डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने अहमदनगर जिल्ह्यातील दुष्काळी जामखेड तालुक्यात काम सुरू केले. दोघे वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. मोठ्या शहरात त्यांना कशाची वाण पडती? परंतु त्यांनी गावोगावच्या बायांना हाताशी धरले. गावाने आपल्यातलीच एक बाई निवडावी. तिने जामखेडास जाऊन शिकावे, परत येऊन गावात काम करावे, आणि पुन्हा शिकावयास जावे. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, काहींना नवऱ्यांनी टाकले होते. त्या बाया बाळंतपणे करू लागल्या, जुलाब झालेल्या पोरांना मीठसाखरेचे पाणी पाजू लागल्या, कुष्ठ व क्षय ओळखू लागल्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हता, त्यांच्या हातांत गावाने आपली तान्ही मुले दिली. त्या भागातली बालमृत्यूंची संख्या फार उतरली. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. मेबलताई १९९९ साली व आरोळे डॉक्टर २०११ साली प्रभूकडे गेले. मला यात विशेष वाटते ते असे की, त्यांनी आपली विद्या जनावराप्रमाणे मानली: स्वतः बसून पुढे जाण्याऐवजी खाली उतरून दुसऱ्यास तीवर बसविले.

आपल्या उपदेशक बंधूंना कामाचे दोन शब्द सांगून थांबतो. शोमरोनी मनुष्य उतारशाळेत एक रात्र राहिला, दुसऱ्या दिवशी पैसे दिले, आणि परत येताना अधिक खर्च झाला असेल तर तो फेडीन असेही बोलून गेला. आपण दवाखान्यापर्यंत पोहोचवितो, ते चांगले. परंतु क्षयाचे औषध साधारणपणे सहा महिने घ्यावे लागते, आणि खोकला थांबला की दुसऱ्या महिन्यातच पुष्कळ लोक गोळ्या सोडतात. कुत्र्याच्या चाव्याची लस ठरलेल्या दिवशी, पुढे सुमारे महिनाभर घ्यावयाची असते, आणि लावणीच्या घाईत मधला दिवस चुकतो. घरोघर भेटीस जाता ना? मग जी वही तुम्ही प्रार्थनासभेच्या हजेरीसाठी ठेवता, तिच्याच शेवटच्या पानांवर दुखणाइतांची नावे लिहा; मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांचीही लिहा. नावापुढे पुढील डोसाची तारीख लिहा. गावात रात्री कोणाची रिक्षा उभी असते, कोण चालवितो, त्याचा दूरध्वनी क्रमांक काय, हेही तेथेच असू द्या. येत्या रविवारी उपासनेनंतर ही पाने मंडळीच्या वडीलजनांना दाखवा, आणि ज्यांची तारीख त्या आठवड्यात येत असेल त्यांच्याबरोबर कोणी जावयाचे, ते तेथेच ठरवा.